केबलवाल्याचं फायबर, सोलापूर: आधी पॉवर विचारा, मग स्पीड

सोलापुरात घरी नेट घ्यायचं ठरलं की तीन पर्याय असतात. गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर, मोठ्या कंपनीचं फायबर, किंवा गच्चीवर बसवायचा फाइव्ह-जीचा डबा. हा आढावा मुख्यतः पहिल्याचा. मंगळवार पेठ, बाळीवेस, साखर पेठ किंवा पूर्व भागातल्या बोळांत बऱ्याचदा तोच आधीपासून खांबावर हजर असतो. टीव्हीची जाड काळी केबल त्यानंच घरोघरी नेली होती, आता त्याच वाटेनं काचेची तार नेतोय. निकाल आधीच सांगून टाकतो. तार नीट ओढलेली असेल तर एवढ्या पैशात याहून बरी सेवा मिळणं अवघड. वाईट ओढलेली असेल तर तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही लाइनमनला फोन लावत बसाल. आणि 'नीट' की 'वाईट' हे बहुतेक वेळा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ठरतं, जाहिरातीतल्या आकड्यात नाही.

गावाबाहेरच्या मोठ्या लाइनची चिंता सोलापूरकरांनी फारशी करू नये. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग आणि पुणे-हैदराबाद हायवे दोन्ही इथूनच जातात, आणि लांबच्या फायबर लाइनी सहसा अशाच मार्गांच्या कडेनं टाकलेल्या असतात. काचेत उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईपर्यंतची तार साडेचारशे किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन साडेचार मिलिसेकंद. मधल्या यंत्रांचा वेळ मिळवून पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या घरात यायला हवं. सतत साठ-सत्तर येत असेल तर ट्रॅफिक उगाच लांबच्या वाटेनं फिरतोय किंवा केबलवाल्याची वरची लाइन भरलीय. त्याला एवढंच विचारा, "वरून लाइन एकच आहे का दोन?" दोन वेगवेगळ्या दिशांनी असतील तर जेसीबीनं एक तोडली तरी गाव चालू राहतं.

खरा मुद्दा घराजवळचा. खांबावरच्या डब्यातून घरात येते ती काळी चपटी ड्रॉप केबल. तिच्यात एक पोलादी तार असते, ताण धरायला. तिच्या शेजारी प्लास्टिकच्या दोन कडक काड्या, आणि त्यांच्या मधोमध केसाएवढी काच, १२५ मायक्रॉन जाडीची. त्यातला उजेड वाहणारा गाभा फक्त ९ मायक्रॉनच्या आसपास. जोडताना पोलादी तार सोडवून हुकाला बांधायची, काचेचा भाग सैल ठेवायचा आणि भिंतीत शिरण्याआधी तार खाली झोल देऊन वर घ्यायची, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून घरात न येता झोलातून ठिबकतं. भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं. हे सगळं करायला वीस मिनिटं जास्त लागतात. म्हणूनच बरेच जण करत नाहीत. तार पत्र्याच्या कडेवरून टाकतात, टाकीच्या पाइपला गुंडाळतात, खिडकीच्या फटीतून ओढून वर खिडकी दाबून बंद करतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढं जातो, आणि तापलेल्या पत्र्यावर पडलेल्या हलक्या केबलचं वेष्टन दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं. मग पहिल्या मोठ्या पावसात नेट जातं आणि खापर पावसावर फुटतं.

बसवताना पाहायची एकच गोष्ट सांगायची तर ती पॉवर. काचेतून येतो तो लेसरचा उजेड, आणि तो डीबीएममध्ये मोजतात, वाटेत होणारी घट डीबीमध्ये. लाइनमन त्याला नुसतं 'पॉवर' म्हणतो. "मायनस एकवीस येतीये" म्हणाला तर काम ठीक आहे. आकडा उणे असल्यानं नवख्याचा गोंधळ होतो. मायनस १८ म्हणजे उजेड जास्त, मायनस २६ म्हणजे कमी. शिवाय दर तीन आकड्यांना उजेड निम्मा होतो. त्यामुळं २१ वरून २४ वर जाणं कागदावर किरकोळ दिसतं, पण अर्धा उजेड वाटेत गेलेला असतो.

हिशोब असा बसतो. केबलवाल्याच्या ऑफिसातल्या, सगळ्या घरांना उजेड पाठवणाऱ्या ओएलटी मशीनमधून साधारण अधिक ३ डीबीएम निघतात. पहिल्या स्प्लिटरमध्ये एकाच्या आठ तारा होतात, तिथं सुमारे साडेदहा डीबी जातात. पुढच्या चौकात पुन्हा एकाच्या आठ, आणखी साडेदहा. तीन किलोमीटर काच जेमतेम एक डीबी खाते. वाटेतले जोड आणि कनेक्टर मिळून दोन धरा. एकूण चोवीस गेले, घरात उरले मायनस २१. घरच्या डब्याला (फायबरच्या मोडेम-राउटरला) मायनस २७ पर्यंतचा उजेड वाचता येतो, म्हणजे हातात सहा डीबीची शिल्लक. आता दाराच्या चौकटीवरून तार काटकोनात वळवून वर खिळा ठोकला की दोन-तीन डीबी तिथंच गेले. स्प्लायसिंग मशीन दुसऱ्या साइटवर आहे म्हणून हातानं जोड मारला, त्यात एक-दीड. उरलेल्या दीड ते तीन डीबीवर तुमचं नेट चालतं, आणि तेही तार वाऱ्यानं हलेपर्यंत. मशीननं वितळवून मारलेल्या चांगल्या जोडात ०.१ डीबीसुद्धा जात नाही. त्यामुळं 'मशीन नाही, उद्या येतो' म्हणणारा लाइनमन 'आत्ता जोडून देतो' म्हणणाऱ्यापेक्षा बरा.

स्प्लिटरच्या जागी कपलरची साखळी असेल तर गोष्ट आणखी वेगळी. केबल टीव्हीच्या काळापासून ही पद्धत चालत आलीय. एक तार गल्लीभर जाते आणि प्रत्येक वळणावर नव्वद-दहा किंवा ऐंशी-वीस अशा वाटणीनं थोडा उजेड काढून घेतला जातो. तार वाचते, गल्ली लवकर जोडून होते. पण शेवटच्या घराला उरलंसुरलं मिळतं, आणि मध्ये कुणी नवीन कपलर घातला की पुढच्या सगळ्यांची पॉवर त्याच दिवशी उतरते. "काल शेजारी कनेक्शन दिलं आणि आज माझं बंद" ही तक्रार मानसिक नसते, तिचं कारण हेच. तुमचं घर बोळाच्या टोकाला असेल तर कपलर आहे का, हे आधी विचारा.

कनेक्टरचा रंगही बघून ठेवा. हिरवा म्हणजे एपीसी, त्याची काच आठ अंशांत तिरकी घासलेली असते. निळा म्हणजे यूपीसी, सरळ. हिरव्यात निळा खुपसला तर बसतो, पण दोन काचांमध्ये फट राहते आणि काही डीबी हवेत जातात. टोकावर धूळ किंवा बोटाचा तेलकटपणा असला तरी तेच होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं की काम होतं, शर्टाच्या टोकानं पुसून नाही होत. आणि तारेचं टोक डोळ्यासमोर धरून "लाइट येतीये का" बघू नका. तो लेसर १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही.

पॉवर तपासायला लाइनमनच्या मीटरवर अवलंबून राहायचीही गरज नाही. घरच्या डब्याचं पान ब्राउझरमध्ये उघडा, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर. त्यात 'आरएक्स पॉवर' (डब्यापर्यंत पोचलेला उजेड) असा आकडा मिळतो. जोडणीच्या दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा. मायनस १५ ते २४ मध्ये असेल तर छान. पंचविसाच्या पलीकडं असेल तर पैसे देण्याआधीच जोड बदलून घ्या. मायनस ८ पेक्षा जास्त उजेडही चालत नाही, डबा भांबावतो. अगदी ऑफिसशेजारच्या घरात असं होतं, तिथं अटेन्युएटर लावून उजेड कमी करावा लागतो. पुढं कधी तक्रार करायची वेळ आली तर "नेट स्लो आहे" म्हणण्याऐवजी "पॉवर २० होती, आज २६ आहे" म्हणा. माणूस त्याच दिवशी येण्याची शक्यता बरीच वाढते.

नाहीतर संवाद ठरलेला असतो. "लाल लाइट लागलीये का? बंद करून चालू करा." एलओएसची (सिग्नल तुटल्याची) लाइट लाल असेल तर डबा शंभर वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नाही, कारण उजेडच पोचत नाही. तार तुटलीय, वाकलीय किंवा खांबावरून निघालीय. पॉनची (फायबर जोडणीची) हिरवी लाइट लुकलुकत असेल तर उजेड येतोय, पण डब्याची नोंद लागत नाही. पॉन स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर लॉगिनची भानगड. प्लॅन संपलाय, पासवर्ड बदललाय, किंवा तुम्ही राउटर बदललात आणि वरच्या सिस्टिममध्ये जुन्याच राउटरचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) अडकून बसलाय. पीपीपीओईचं, म्हणजे नेटच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड जोडणीच्याच दिवशी लिहून घ्यायचं ते यासाठी.

स्पीडबद्दल आता. जीपीओएन ही एका तारेवर अनेक घरं जोडण्याची फायबर पद्धत, तिच्या एका पोर्टमधून २.४८८ जीबीपीएस खाली येतात. चौसष्ट घरं लावली तर वाट्याला ३९ एमबीपीएस. बऱ्याच छोट्या केबलवाल्यांकडं अजून त्याच जातीचं स्वस्तातलं ईपीओएन असतं, त्यात हातात येतो तो साधारण एक जीबीपीएस, म्हणजे घरटी पंधरा-सोळा. तरी शंभरचा प्लॅन शंभरनं चालतो, कारण सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण ओढत नाहीत. म्हणून टेस्ट दुपारी करू नका. रात्री साडेनऊला करा, वायफाय बंद ठेवून, लॅपटॉप थेट तारेनं जोडून. तारेवर शंभरऐवजी ९४-९५ वरच अडकत असेल तर लाइन निर्दोष आहे, डब्याचा पोर्टच शंभरचा आहे. त्यावर दोनशेचा प्लॅन घेणं म्हणजे लोट्यात घागर ओतणं.

आणि निम्म्याहून जास्त तक्रारी लाइनच्या नसतातच, वायफायच्या असतात. लाइनमन डबा टीव्हीच्या कोपऱ्यात लावतो, कारण जुनी केबल तिथं होती. शेजारी लोखंडी कपाट, मागं दगडी भिंत. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जवळजवळ जातच नाही, आणि २.४ जातं पण गल्लीतल्या वीस राउटरांशी भांडत. तिथं चॅनेल हातानं १, ६ किंवा ११ पैकी मोकळा निवडा. 'ऑटो'वर फार भरवसा नको. घर दोन मजली असेल तर स्वस्त एक्स्टेंडर घेऊ नका, तो स्पीड निम्मा करतो. एक लॅन केबल वर नेऊन तिथं दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. केबल कॅट-सिक्स, आठही तारा जोडलेली. चारच तारा जोडून वेळ मारून नेली की पुन्हा शंभरावर अडकलात.

लाइट जाण्याचं वेगळं बोलायला हवं. जुना लँडलाइन लाइट गेली तरी वाजायचा, कारण एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच तांब्याच्या जोडीतून घरी यायचे. काचेतून वीज येत नाही. ०२१७ चा लँडलाइन नंबर फायबरवर घेता येतो, पण घरच्या डब्याला वीज नसेल तर तो मुका. इलाज स्वस्त आहे: बारा व्होल्टचा मिनी यूपीएस. चोवीस वॅट-तासांच्या आसपासची बॅटरी असेल तर सात वॅट खाणारा डबा तीन तास सहज चालतो. घेण्याआधी डब्याच्या ॲडॅप्टरवर एक अँपिअर लिहिलंय का दोन, ते बघा. आणि खांबावरच्या किंवा चौकातल्या यंत्राला बॅकअप आहे का, हेही केबलवाल्याला विचारा. तुमचा यूपीएस चालू आणि त्याचं यंत्र बंद, असं झालं तर डब्याच्या लाइट बघत बसायचं. पूर्ण पॅसिव्ह जीपीओएनमध्ये वाटेत वीज लागतच नाही, हा त्याचा मोठा गुण.

या गावानं संपर्काची बाकीची सगळी रूपं पाहिलीत. चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यानं ट्रंक कॉल बुक करून दिवस घालवलाय, मग पिवळ्या एसटीडी-पीसीओ बूथबाहेर रात्री अकराची वाट बघितलीय, कारण तेव्हा दर पावावर यायचा. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून दिल्लीला गेला, त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट उघडलं. पण खिशाला परवडायला २००३ उजाडावं लागलं, इनकमिंग फुकट झालं तेव्हा. बीएसएनएलनं २००५ मध्ये तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड दिलं तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून ती किमान पातळी २ एमबीपीएस आहे. तार शेवटी डेटा नेणार, हे तांब्यानं सिद्ध केलं, पण एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटर गेलं की त्याचा दम सुटायचा. वीस किलोमीटरपर्यंत पोचणाऱ्या काचेला ते दुखणं नाही.

कारखानदारांसाठी एक इशारा. टॉवेल-चादरीच्या युनिटमध्ये कॅमेरे लावून घरून बघायचं असेल तर केबलवाल्याच्या साध्या प्लॅनवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचण्याची सोय) चालणार नाही. आयपी पत्त्यांचा तुटवडा असल्यानं शेकडो घरांना एकच पत्ता वाटून देतात. राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ अशी असेल तर समजा तुम्ही त्या वाटणीत आहात. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) कंपनीच्या ॲपमधून क्यूआर स्कॅन करून बघता येतं, ते बहुतेकांना पुरतं. नाहीतर जादा पैसे मोजून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्या. मुख्य म्हणजे अपलोड विचारा. एकेक कॅमेरा दोन एमबीपीएस धरला तर आठ कॅमेऱ्यांना सोळा वर जायला हवेत, आणि काही प्लॅन खाली शंभर देऊन वर दहाच देतात.

पैशांकडं येऊ. जाहिरातीतला आकडा जीएसटीविना असतो. ३९९ चा प्लॅन १८ टक्के धरून ४७१ ला पडतो, ६९९ चा ८२५ ला. 'अनलिमिटेड'ला बहुधा ३३०० जीबीची मर्यादा असते. घरगुती वापरात ती लागत नाही, तिच्यावर भांडू नका. वर्षाचे पैसे एकदम भरून दोन महिने फुकट, ही ऑफर मात्र पहिल्या वर्षी टाळा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा महिन्याच्या बोलीवर काढा. पावती कच्ची घेऊ नका. केबलवाला बहुतेकदा कुणा परवानाधारक कंपनीचा फ्रँचायझी असतो, त्या कंपनीचं नाव बिलावर हवं. कारण तक्रार अडली तर डॉकेट (तक्रारीचा) नंबर त्या कंपनीकडचा लागतो, आणि तिथं न्याय मिळाला नाही तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडं जायचं असतं. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. डबा तुमचा का भाड्याचा, डिपॉझिट किती, हेही पावतीवर लिहून घ्या. कनेक्शन सोडताना सगळे वाद तिथंच निघतात.

मग मोठ्या कंपनीचं फायबर का नको? हवं असेल तर घ्याच, जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडच्या सोसायट्यांत वायरिंग नीट असतं आणि तिथं फरक फारसा पडत नाही. कॉल सेंटर मराठीत बोलतं, ॲपवर बिल दिसतं. पण दुरुस्तीला येणारा माणूस ठेक्यावरचा असतो, आज हा, उद्या तो. केबलवाल्याचा लाइनमन तीन गल्ल्यांपलीकडं राहतो, रविवारीही भेटतो, आणि तुमची तार कुठल्या खांबावरून येते हे त्याला तोंडपाठ असतं. या सेवेचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि तो कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो. दोषही तोच, कारण तो लग्नाला गावी गेला की तुमचं नेटही त्याच्याबरोबर रजेवर.

फाइव्ह-जीचा डबा भाड्याच्या घराला बरा, जिथं मालक भोक पाडू देत नाही. देशात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि त्याचा मुख्य पट्टा ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. एवढ्या वरच्या लहरी भिंत आणि पत्रा फारसा भेदत नाहीत, म्हणून बाहेरचं युनिट गच्चीवर टॉवरच्या समोर हवं. ॲपमध्ये आरएसआरपी (सिग्नलची ताकद) मायनस ८०-८५ असेल तर मजा, मायनस १०५ च्या पुढं असेल तर परत पाठवा. रात्री टॉवरवर गर्दी झाली की फायबरपेक्षा लवकर धापा टाकतो, आणि ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला पिंगचे झटके जाणवतात.

सोलापूरचे म्हणून दोन धोके आहेत. एक रस्ते खोदण्याचा: पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन टाकताना जमिनीतली केबल तुटते आणि अख्खा भाग जातो. तिथं डोक्यावरून आलेली तार वाचते. दुसरा अगदी उलटा. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत उंच नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर डोक्यावरच्या वायरी बाजूला घ्याव्या लागतात, आणि घाईत पुन्हा बांधलेली तार आधीसारखी बांधली जाईलच असं नाही. त्या मार्गावर घर असेल तर संक्रांत झाल्यावर डब्याचं पान उघडून आरएक्स पॉवर आणि पहिल्या दिवशीचा फोटो शेजारी ठेवून बघा. दोन डीबीहून जास्त घसरण दिसली तर नेट चालू असलं तरी लाइनमनला बोलवा, काचेला कुठंतरी मुरड पडलीय.